मुंबईचें इंग्रजी देऊळ आणि बाहेर उभा असलेला रामा कामती

आमच्या सुशिक्षित वर्गांत एक मत फार दिवसांपासून निर्वेधपणें नांदत आहे. इंग्रजांनीं या देशांत जीं चर्चें बांधलीं त्यांचा इतिहास हा इंग्रजांचा घरगुती मामला आहे, त्यांत मराठी वाचकानें डोकावण्याचें कारण नाहीं, असें तें मत. स्वदेशाभिमानाची पगडी घालून तें हिंडत असल्यामुळें त्याला वाटेंत कोणी हटकीत नाहीं. याच्या उलट दुसरा एक वर्ग अलीकडे निपजला आहे. त्याला जुनी इमारत दिसली कीं प्रेमाचें भरतें येतें. रविवारीं सकाळीं मुंबईच्या कोटांत हिंडावें, रंगीत कांचांतून पडलेल्या उन्हाचीं छायाचित्रें घ्यावीं, संगमरवरावरचें कोरीव काम पाहून मान डोलवावी आणि फराळाला घरीं परत यावें, हा त्याचा इतिहासाभ्यास. हे दोन पक्ष एकमेकांना पाण्यांत पाहतात. एक दुसऱ्याला साहेबाचें शेपूट म्हणतो, दुसरा पहिल्याला अरसिक म्हणतो. परंतु ज्या एका गोष्टीवर त्यांचें मुळींच भांडण नाहीं तीच आमच्या मतें सर्वांत चुकीची आहे. चर्चचा इतिहास म्हणजे चर्चच्या आंत बांकांवर बसलेल्यांचा इतिहास, असें दोघेही धरून चालतात. म्हणूनच एक तो टाकून देतो आणि दुसरा तो कुरवाळीत बसतो. आमचा वाद दोघांशींही आहे.

सोलापुरांत बसून मुंबईच्या चर्चची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं आमच्या गांवांतील ख्रिस्ती मंदिरांची जात निराळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकन मराठी मिशनचे लोक येथें आले. त्यांच्या मंदिरांत उपदेश मराठींत, गायनें मराठींत, आणि उपासकही आमच्याच पेठांतले. त्यांचा इतिहास मराठी आहे हें सिद्ध करावयाला वकील द्यावा लागत नाहीं. खरी कसोटी लागते ती इंग्रजांनीं इंग्रजांसाठीं बांधलेल्या चर्चला. मुंबईच्या कोटांतील सेंट टॉमसचें चर्च हें तशा चर्चचें आमच्या प्रांतांतील ठळक उदाहरण होय. जुन्या मराठींत चर्चला सरळ देऊळच म्हणत, आणि आम्हांस तो शब्द अधिक आवडतो. कारण 'चर्च' म्हटलें कीं आमच्या वाचकाला आपला संबंध सुटल्यासारखें वाटूं लागतें.

इंग्लंडांत पॅरिश-चर्च म्हणजे नुसतें प्रार्थनेचें घर नव्हे. पॅरिश म्हणजे एका धर्माधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा टापू, आणि त्या टापूंतल्या मनुष्याचा बाप्तिस्मा, विवाह व दफन या तिन्ही गोष्टी चर्चच्या वहींत चढावयाच्या. सन १५३८ मध्यें आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें तशा वह्या ठेवण्याचा हुकूम काढला. आमच्याकडे त्र्यंबकेश्वरचा किंवा नाशिकचा तीर्थोपाध्याय आपल्या वहींत यजमानांच्या पिढ्या उतरवून ठेवतो, तशाच जातीची ही नोंद. फरक इतकाच कीं यात्रेला कधीं न गेलेला गरीब मनुष्यही सहसा तींतून सुटत नाहीं. इंग्लंडांतील एखाद्या साध्या खेड्याचा इतिहास लिहावयाचा झाला तरी लेखक आधीं चर्चची वही उघडतो, मग थडग्यांवरचे लेख वाचतो. जमीनदाराचें नांव आणि त्याच्या घोड्याला नाल ठोकणाऱ्या लोहाराचें नांव त्याला एकाच वहींत सांपडतें. पॅरिशची थोरवी ती हीच. परंतु तेंच देऊळ व्यापारी कंपनीच्या गलबतांतून मुंबईस आलें तेव्हां ही थोरवी वाटेंत कोठें तरी समुद्रांत पडली. येथें टापू होता, पण टापूंतले बहुतेक लोक वहीच्या बाहेर होते. म्हणून मुंबईच्या देवळाचा इतिहास जो केवळ त्याच्या वह्यांवरून व आंतल्या शिलालेखांवरून लिहितो, तो सद्धेतूनें का होईना, गांव वगळून गांवाचा इतिहास लिहितो.

या देवळाची जन्मकथाच मोठी मासलेवाईक आहे. जेरल्ड आंजिअर हा १६६९ पासून १६७७ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. मुंबईस एक चर्च असावें ही कल्पना त्याची, आणि कामाला आरंभही त्याच्याच वेळीं झाला. भिंती सुमारें पंधरा फूट वर आल्या व तेथेंच थांबल्या. पुढें चाळीस वर्षें त्या तशाच उघड्या उभ्या होत्या. कंपनीच्या वखारी मालानें भरत होत्या, गलबतें भरून विलायतेस जात होतीं, आणि देव मात्र पावसांत! अलेक्झांडर हॅमिल्टन या कप्तानानें १७२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत असा आरोप केला आहे कीं चर्चसाठीं जमलेली रक्कम सर जॉन चाइल्ड या गव्हर्नरानें गिळंकृत केली. हॅमिल्टनची लेखणी तिखट, आणि चाइल्डविषयीं त्याचें मत फार वाईट. तेव्हां हा आरोप आम्ही शाबीत धरीत नाहीं. परंतु देवस्थानाचा पैसा मधल्यामध्यें मुरविण्याची कला एकट्या हिंदु पंचांनाच अवगत आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं तें पान एकदां वाचावें.

सन १७१४ मध्यें रिचर्ड कॉब नांवाचा पाद्री कंपनीच्या चाकरींत मुंबईस आला. त्यानें नेट धरला, वर्गण्या गोळा केल्या, अर्धवट भिंतींवर छप्पर चढविलें, आणि २५ डिसेंबर १७१८ रोजीं, नाताळच्या दिवशीं, देऊळ उघडलें. त्या वेळीं त्याला 'मुंबईचें चर्च' एवढेंच नांव होतें. सेंट टॉमस हें नांव त्याला १८१६ सालीं बिशप मिडलटन यानें दिलें, आणि मुंबईस बिशपची गादी होऊन तें कॅथीड्रल ठरलें तें १८३७ मध्यें. पण हे पुढचे मानमरातब आहेत. आम्हांस त्या पहिल्या नाताळच्या दिवसापाशींच थोडें थांबावयाचें आहे.

गव्हर्नर चार्ल्स बून, त्याच्या कौन्सिलचे सभासद, व्यापारी, बायकामंडळी, सर्व आपापल्या अधिकाराच्या पायरीप्रमाणें आंत बसले. उपासना झाली, एका मुलाचा बाप्तिस्मा झाला, नंतर किल्ल्यांत मेजवानी झडली, चर्च आणि राजा यांच्या नांवानें पेले उचलले गेले, तोफांची सलामी झाली. आणि या सर्व वर्णनाच्या मध्यें कॉब एक गोष्ट सहज नमूद करून जातो. रामा कामती आपल्या जातीच्या मंडळींसह बाहेर उभा राहून हा सोहळा पाहत होता, आणि इंग्रजांच्या उपासनेंतील शिस्त व टापटीप त्याला इतकी आवडली कीं ती संपेपर्यंत तो तेथून हलला नाहीं.

कॉबचें हें चित्र मुंबईवर लिहिणाऱ्या इंग्रज ग्रंथकारांना फार आवडलें आहे. एक वजनदार हिंदु गृहस्थ देवळाबाहेर अदबीनें उभा आहे आणि आंत चाललेल्या भक्तीनें प्रसन्न झाला आहे, यापेक्षां गोड शेवट उद्घाटनाच्या समारंभाला कोणता हवा? आमचे छायाचित्रवाले मित्रही या गोष्टीवर खूष असतात. पूर्वीं धर्माधर्मांत केवढा सलोखा होता, असें ते म्हणतात व पुढल्या खांबाकडे वळतात. आम्ही मात्र त्यांचा हात धरून त्यांना येथेंच उभे करणार.

कारण हा रामा कामती कोण होता? जातीनें शेणवी, पेशानें बडा व्यापारी, आणि शिवाय कंपनीच्या हिंदी शिपायांचा सरदार. कॉब आपल्या चर्चच्या पडक्या भिंती नीट करण्याच्या खटपटीला लागला त्याच सुमारास, म्हणजे १७१५ मध्यें, या गृहस्थानें वाळकेश्वराचें देऊळ पुन्हा उभें केलें. एका बेटावर एकाच वेळीं दोन देवळें उठत होतीं. एकाची हकीकत लंडनच्या छापखान्यांत गेली, दुसऱ्याची लोकांच्या तोंडीं राहिली. १७१८ च्या नोव्हेंबरांत बूननें कान्होजी आंग्र्याच्या खांदेरीवर स्वारी केली, तींत हिंदी शिपायांची सरदारी रामा कामतीकडेच होती. स्वारी फसली. खांदेरी आंग्र्याची आंग्र्याकडेच राहिली, आणि साहेबलोक चरफडत मुंबईस परतले. नाताळचा सोहळा झाला तो यानंतर अवघ्या कांहीं आठवड्यांनीं. आंत बसलेला बून आणि बाहेर उभा असलेला कामती हे दोघे नुकतेच एका पराभवांतून बरोबर परत आले होते, ही गोष्ट ध्यानांत आणली म्हणजे त्या प्रसन्न चित्राचा रंग थोडा बदलूं लागतो.

दोन वर्षें गेलीं नाहींत तोंच, १७२० मध्यें, त्याच बूनच्या कारकीर्दींत रामा कामतीवर राजद्रोहाचा खटला झाला. आरोप असा कीं तो आंग्र्याशीं गुप्त पत्रव्यवहार करून कंपनीचीं बातमीपत्रें शत्रूला पोंचवितो. न्याय करावयाला बसले ते गव्हर्नर व त्याचें कौन्सिल. म्हणजे फिर्यादी तेच व न्यायाधीशही तेच. पुरावा म्हणून एक पत्र पुढें आलें. एका साक्षीदाराच्या आंगठ्यांवर लोखंडी चाप आवळून त्याच्याकडून कबुली काढण्यांत आली. हें आम्ही आंग्ल राज्याच्या द्वेषानें लिहीत नसून इंग्रजांच्या स्वतःच्या कागदांत आहे तें सांगत आहों. कामतीस जन्मठेप झाली, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ मध्यें तो कैदेंतच मेला. पुढें उघडकीस आलें कीं तें पत्र बनावट होतें.

येथें आम्ही इंग्रज इतिहासकारांशीं न्यायानें वागूं इच्छितों. त्यांनीं ही गोष्ट लपविली नाहीं. फिलिप अँडर्सन हा स्वतः पाद्री. त्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पश्चिम हिंदुस्थानांतील इंग्रजांचा जो इतिहास लिहिला त्यांत कंपनीच्या जुन्या चाकरांचीं कृत्यें झांकून ठेवलेलीं नाहींत. बेहरामजी मलबारी यांनीं १९१० सालीं मुंबईच्या घडणीवर जें पुस्तक लिहिलें त्यांतही या खटल्याची चर्चा आहे. पण इंग्रजी ग्रंथांची मांडणी अशी असते कीं उद्घाटनाची हकीकत 'धर्म' या सदराखालीं येते आणि खटल्याची हकीकत 'न्याय' किंवा 'चांचे' या सदराखालीं. दोन प्रकरणांच्या मध्यें शंभर पानांची भिंत. धर्माच्या प्रकरणांतील रामा कामती हसतो, न्यायाच्या प्रकरणांतील रामा कामती मरतो, आणि दोघे एकच मनुष्य आहेत हें वाचकाला जाणवूं नये इतकी ती भिंत जाड आहे. कोणी कपटानें ती बांधली असें आम्ही म्हणत नाहीं. देवळाच्या आंत बसून लिहिणाऱ्याला बाहेरचा मनुष्य उपासना संपेपर्यंतच दिसतो. मग तो घरीं गेला कीं कैदेंत गेला, हें पाहावयाला उठून बाहेर यावें लागतें. कॉबचें पुस्तक लंडनला छापून निघालें तें १७६६ मध्यें. कामतीला मरून तेव्हां अडतीस वर्षें झालीं होतीं, पण पुस्तकाच्या पानावर तो अद्यापि प्रसन्न मुद्रेनें उभा आहे.

आतां पहिल्या पक्षाकडे वळूं. ते म्हणतील, "हेंच तर आम्ही म्हणत होतों! इंग्रज कसे होते हें कळलें ना? मग त्यांच्या देवळाचें नांव कशाला घेतां?" पण या देशाभिमानी मंडळींना आम्ही विचारतों कीं तुम्ही तरी रामा कामतीला कोठें जागा दिली? आमच्या सोलापुरांत १९३० चा लष्करी कायदा कोणी विसरलेलें नाहीं. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांचीं नांवें येथील शाळकरी मुलालाही पाठ आहेत, त्यांचे पुतळे भर चौकांत आहेत, आणि तें योग्यच आहे. पण कामतीचा पुतळा उभारावयाला कोणी धजणार नाहीं. कारण तो हुतात्मा नव्हता. तो कंपनीचा नोकर होता. तो आंग्र्याशीं फितूर नव्हता हेंच त्याचें दुर्दैव. फितूर असता तर आज त्याचे पोवाडे झाले असते! खोट्या पत्रामुळें इंग्रजांच्या दफ्तरीं तो राजद्रोही ठरला, आणि खऱ्या चाकरीमुळें आमच्या दफ्तरीं तो इंग्रजधार्जिणा ठरला. दोन्ही दफ्तरांनीं ज्याला बाहेर काढलें अशा मनुष्याची जागा कोठें? आमच्या मतें मुंबईच्या त्या देवळाच्या इतिहासांत, अगदीं पहिल्या पानावर. एका सरळ रेघेच्या अलीकडे देशभक्त आणि पलीकडे फितूर, असे सर्व पूर्वज वांटून टाकण्याची आम्हांस जी खोड लागली आहे, तिला कामतीसारखीं माणसें गैरसोयीचीं वाटतात. अठराव्या शतकांत कंपनीच्या आश्रयानें मुंबईंत राहणारे शेणवी, पाठारे प्रभु, भंडारी, पारशी, भाटे हे सर्व त्याच रेघेवर उभे राहून पोट भरीत होते; त्यांचीच वंशावळ आमच्या आजच्या नोकरदार मध्यमवर्गांत उतरली आहे. आम्ही स्वतः इंग्रजी विद्येवर पोसलेले. त्या देवळाबाहेर उभ्या असलेल्या मंडळींत आमचेही कोणी आजे-पणजे असतील, एवढें मानावयाला हरकत नसावी.

कोणी शास्त्री म्हणेल कीं कामती बाहेर उभा राहिला तो साहेबानें अडविल्यामुळें नव्हे, आपल्या सोंवळ्यामुळें. असेल. आम्ही तो वाद घालीतच नाहीं. कोणीं अडविलें हा एक प्रश्न आणि बाहेर कोण होतें हा दुसरा. देवळाच्या इतिहासाला दुसरा अधिक महत्त्वाचा. हें सोलापूर जिल्ह्यांतील वाचकाला तरी आम्ही फोड करून सांगावयास नको. पंढरपूरच्या देवळाचा इतिहास केवळ गाभाऱ्यांतल्या पूजाविधींवरून, बडव्यांच्या वह्यांवरून आणि कोणत्या सरदारानें कोणता मंडप बांधला यावरून कोणी लिहूं लागला, तर त्याला आपण काय म्हणूं? चोखामेळा आयुष्यभर आंत गेला नाहीं. मंगळवेढ्यास कुसूं कोसळून तो मेला, आणि त्याची समाधि महाद्वारासमोर बाहेर झाली. १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं पंढरपुरांत उपोषण केलें तेव्हां त्या देवळाचें दार त्याच्या जातभाईंसाठीं उघडलें. चोखोबाची समाधि वगळून पंढरपूरच्या देवळाचा इतिहास वारकरी मान्य करील काय? मग मुंबईच्या देवळाचा इतिहास रामा कामतीला एका गमतीदार ओळींत गुंडाळून आम्ही का मान्य करावा? दोघांची योग्यता एक, असें आम्ही सुचवीत नाहीं. एक संत होता, दुसरा सावकार. पण दोघांच्याही बाबतींत देवळाची खरी हकीकत उंबरठ्याच्या बाहेरून सुरू होते.

त्या देवळाच्या आंत हिंदु मनुष्य मुळींच नाहीं असें नव्हे. आहे, पण संगमरवराचा. १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेला जोनाथन डंकन याचें स्मारक तेथें आहे. काशीकडे व काठेवाडांत चालणारी बालहत्या बंद करण्यासाठीं त्यानें खटपट केली, ती खरोखरच स्तुत्य. आणि त्या स्मरणार्थ शिल्पकारानें त्याला दुवा देणाऱ्या हिंदु आकृति कोरल्या आहेत. त्या आकृतींना नांवें नाहींत. ज्याला नांव होतें, घर होतें, दोन देवळांशीं ज्याचा संबंध होता, तो मनुष्य बाहेर; आणि ज्यांना नांव नाहीं ते कृतज्ञ मुद्रेनें आंत, कायमचे. असल्या शिल्पासमोर उभे राहून केवळ कारागिरीची वाहवा करणाऱ्यांना आम्ही दोष देतों तो एवढ्यासाठींच. दगडावर जें लिहिलें आहे तें वाचणें सोपें आहे. दगड लिहिणाऱ्यानें कोणाला मजकुरांत घेतलें आणि कोणाला नक्षींत घातलें, हें वाचावयाला शिकलें पाहिजे.

हा विषय परका आहे, असें म्हणणाऱ्यांना आणखी एक आठवण करून देतों. कोटाच्या ज्या वेशींतून या देवळाकडे रस्ता जात असे ती चर्चगेट. कोटाच्या भिंती १८६० नंतरच्या दशकांत पाडल्या, वेस गेली, पण नांव आगगाडीच्या स्टेशनाला चिकटून राहिलें. विरार-वसईकडून येणारे असंख्य मराठी चाकरमाने दररोज तें नांव उच्चारतात. ज्या शब्दावर आमचीं माणसें रोज पोटासाठीं चढतात-उतरतात तो शब्द परका, आणि ज्या शिलालेखाची लिपिही आम्हांस लागत नाहीं तो आपला, हा हिशेब कोणत्या शाळेंत शिकवितात कोण जाणे.

शिवाय, तें देऊळ आज इंग्रजांचें उरलेलेंच नाहीं. १९७० सालीं नागपूरला उत्तर हिंदुस्थानांतील अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन एक मंडळी झाली, आणि सेंट टॉमसचें कॅथीड्रल तिच्याकडे आलें. बांकांवर आज बसतात ते याच देशाचे लोक. इमारतीची दुरुस्तीही चांगली झाली. २००४ मध्यें युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या वारसा-संवर्धन पुरस्कारांत तिला मान मिळाला. छप्पर नीट झालें, कांचा स्वच्छ झाल्या, दगड धुतले गेले. इतिहासाची दुरुस्ती मात्र कोणीं करावयाची? ती परदेशी संस्थेच्या पुरस्कारानें होणारी नाहीं, आणि तशी अपेक्षाही गैर होय.

सन १८६३ मध्यें गोविंद नारायण माडगांवकर यांनीं मुंबईचें वर्णन लिहिलें तें स्वतःच्या डोळ्यांनीं शहर पाहून. राजवाड्यांनीं कागदांसाठीं गांवोगांव पायपीट केली, वाड्यांचे माळे आणि बाडें धुंडाळलीं. त्यांच्या परंपरेचें नांव सांगणाऱ्या आमच्या तरुण पदवीधरांना एवढें एक काम आम्ही नेमून देतों: कॉबचें पुस्तक, कामतीच्या खटल्याचे कागद आणि वाळकेश्वराच्या देवळाविषयीं जें लोकांच्या तोंडीं उरलें असेल तें, हीं तिन्ही एका मेजावर आणावीं, आणि मुंबईच्या इंग्रजी देवळाचा इतिहास मराठींत, बाहेरच्या बाजूनें, लिहावा. कंपनीच्या काळचीं दप्तरें ज्या सरकारी पुराभिलेखागारांत आहेत तें एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत आहे. देवळापासून तेथवर पायीं गेलें तरी फार वेळ लागत नाहीं.